साडेअकराची भाकर

सहाव्या डब्याचं झाकण उघडलं आणि यमुताईनं नाकाला पदर लावला.

मे महिना. सकाळी साडेअकराला बंद केलेला डबा साडेचारला परत आला होता. मोड आलेल्या मुगांना तार सुटली होती. काकडीची एक चकती चावून पुन्हा आत ठेवलेली. वर ओठांची लाली पुसलेला कागद आणि त्यात खुपसलेली दातकोरणी.

"शी! मानसं खातेत का थुकतेत वं?" यमुताईनं डबा बादलीत उपडा केला.

"मोठी मानसं हायेत ताई. थुकाले पन त्याहिले डबा लागते," शेजारी भांडी घासणारी काजल म्हणाली आणि स्वतःच हसली.

हुडकेश्वरच्या नव्या वस्तीतलं हे अरुंधती मॅडमचं स्वयंपाकघर. इथून चाळीस घरांना 'हलका डबा' जायचा. साठ ग्रॅम मूग, ज्वारीची एक भाकर, वाफवलेली भाजी, वाटीभर ताक. सगळं काट्यावर मोजून. यमुताई चार वर्षं इथे भाकरी थापत होती. मोजलेल्यातून काही उरायचं नाही, म्हणून बायकांचं जेवण डबे परत येऊन घासून झाल्यावर. सकाळी शिजवून ठेवलेला भात, त्यावर पातळ वरण. तोवर चहा. चहाला मात्र मोजमाप नव्हतं. सकाळी सातपासून गॅसच्या कोपऱ्यावर गंजभर चहा उकळत असायचा, मुठीनं साखर टाकलेला. चौथ्या कपानंतर भूक मरते, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

यमुताईच्या पिशवीत आठ दिवसांपासून एक कागद होता. वस्तीच्या दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा शामला सिस्टरनं दिलेला. त्यावर हिरवळीवरून चालणारं एक जोडपं होतं, पायांत पांढरे बूट, हातात सफरचंद.

"हा आजार नाही हो काकू," सिस्टर म्हणाली होती. "आजाराच्या आधीचं आहे. आत्ताच सांभाळलं, तर साखरेची बिमारी लागणारही नाही."

"म्हंजे थांबते?"

"थांबवता येते. वेळेवर जेवा, ताजं जेवा. मूग, भाकर, भाजी. भात कमी, चहातली साखर बंद. आणि रोज अर्धा तास भरभर चाला."

यमुताईला हसू आलं होतं. "मूग-भाकर तं मी रोज करून राहिली, सिस्टर. चाळीस डबे."

"मग छानच! आता खात पण जा," असं म्हणून सिस्टरनं पुढच्या बाईला हाक मारली.

यमुताई त्या वेळी हसली. पण रात्री तिला माय आठवली. उमरेडच्या घरात हातमागाच्या कांड्या भरता भरता माय गुणगुणायची,

पयली भाकर बाई, घरधन्याच्या ताटात
दुसरी लेकराले, कोर माह्या गं हातात

ती कोरही कधी असायची, कधी नसायची. बापाच्या उष्ट्या ताटात माय सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि उरलेल्या वरणात पाणी घालायची. पन्नाशीत तिच्या पायाचा अंगठा काळा पडला. एका दुपारी यमुताईनं पाहिलं, मायच्या पायाला मुंग्यांची रांग लागली होती आणि माय शांतपणे गहू निवडत होती. मुंग्या चावत होत्या, ते तिला कळतच नव्हतं. पुढे पाय गुडघ्यापासून गेला. मग मायही.

तो पाय आता यमुताईला रोज दिसत होता, आपल्या चपलेत.

डबे घासून झाले आणि मॅडम आत आल्या. यमुताईनं पदराला हात पुसून कागद पुढे केला.

"मॅडम, मले साडेअकराले जेवाले पायजे. एक भाकर, वाटीभर मूग. दहाच मिनिटं."

मॅडमनी कागद नीट वाचला. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा झाला. "अरे बापरे. यमुताई, सांभाळायला हवं हं. पण साडेअकराला डबे निघतात. एकीला बसवलं की सगळ्या बसतील." मग त्यांना काहीतरी सुचलं. रॅकवर राहिलेला एक डबा त्यांनी उचलला. "हा बघा. उघडलासुद्धा नाही. असे रोज दोन-तीन येतात. फेकण्यापेक्षा हेच खात जा ना. तुमचं पथ्यही होईल. कुणी तोंडही लावलेलं नाही."

झाकण निघालं. मुगांवर बारीक फेस होता.

"खा ना ताई, लिंबू पिळून देते," मॅडम गेल्यावर काजल हळूच म्हणाली.

यमुताईनं चिमूटभर मूग तोंडात टाकले. ते दातांखालून सटकले, गोगलगायीसारखे. ती मोरीकडे धावली. तीन वेळा चूळ भरली. मुगांचा बुळबुळीतपणा गेला. मॅडमचा मऊ आवाज जिभेवरून जाईना.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी ओट्यावर एकोणचाळीस डबे भरलेले होते आणि एक उघडा होता. यमुताईनं शेवटची भाकर आचेवर धरली. ती टम्म फुगली. ती तिनं डब्यात घातली नाही, ताटलीत घेतली. वाटीभर मूग काट्यावर ठेवले. बासष्ट ग्रॅम भरले. दोन ग्रॅम तिनं परत टाकले. मग पंख्याखाली मांडी घालून बसली आणि पहिला घास मोडला.

डबे न्यायला आलेले मारोतराव दारात थबकले. "यमुताई, गाडी चालू ठेवून आलो ना बाप्पा!"

"बंद करा. दहा मिनिटं."

मॅडम आल्या. त्यांनी ओटा पाहिला, ताटली पाहिली. "यमुताई, एक डबा रिकामा आहे."

"हो. त्यातलंच जेवून राहिली."

"हे बरोबर नाही."

"घास चालू हाये, मॅडम. मंग बोलू."

यमुताई सावकाश चावत होती. वाटीच्या तळाचा शेवटचा मूग तिनं बोटानं टिपला. ताटली घासली, पुसली, पालथी घातली. मग मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

"आज तुम्ही घरी जा," मॅडम तशाच मऊ आवाजात म्हणाल्या. "कधी यायचं ते मी कळवते."

यमुताईनं ॲप्रन सोडून खिळ्याला अडकवला, पिशवी घेतली. कोपऱ्यातला चहा उतू जात होता. काजल तिकडे बघत होती, पण गॅस बंद करायचं तिला सुचत नव्हतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. डांबर चपलेला चिकटत होतं. ऑटोसाठी न थांबता यमुताई चालत निघाली, भरभर, सिस्टरनं सांगितलं होतं तशी. चौकाच्या अलीकडे तिला एक ढेकर आली, ताज्या भाकरीची. ती थांबली, तोंडावर पदर धरला आणि कुणी ऐकलं का म्हणून मागे वळून पाहिलं.

रस्ता रिकामा होता. ती पुन्हा चालायला लागली.