पाव फेरा

नखाएवढाच आरसा तो — स्क्रूच्या टोकाशी बसवलेला. आणि स्क्रूचे आटे इतके बारीक, की फिरवला तरी आरसा हलला हे डोळ्यांना कळूच नये. तिने वाकून चष्मा वर सारला.

"आई, टेबलाला टेकू नकोस गं. आलेख थरथरतो."

ती मागे सरकली. लेकीची प्रयोगशाळा. अशाच अंधाऱ्या खोलीत तिचीही उमर गेली होती... पण तेव्हा लेसर म्हणजे नुसता सोटा. रेणूवर हाणायचा, तुटेल तिथे तुटू द्यायचा. आता लेक म्हणते, रेणूला हवं तसं वळवता येतं.

"हा एक झोत — रेणू तुटतात. हा दुसरा, एकटाच — तरी तुटतात. आता दोन्ही."

पडद्यावरच्या आलेखाची रेघ दुप्पट चढेल म्हणून ती बघत राहिली. रेघ तळाला जाऊन लोळली.

"बंद पडलं का काय?"

"छे! दोन वाटा, मुक्काम एकच. पण दोन्हीकडच्या लाटांचं पाऊल जुळलं नाही की त्या एकमेकींना पुसून टाकतात. आता हा स्क्रू पाव फेरा..." रेघ उसळली. लेक लहानपणीसारखी हसली. "बरं, दादाचा फोन येईल इतक्यात. कायमचं परत यायचं की नाही, ते आज ठरवतोय. काल मी खूप समजावलंय. आता तूही सांग, ये म्हणून."

तूही.

— कितीतरी वर्षांपूर्वी, तो घर सोडून गेला त्याच्या आदल्या दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, तिने पोराला म्हटलं होतं, राहा रे. आणि तो जवळजवळ हो म्हणाला होता. संध्याकाळी ह्यांनी तेच म्हटलं, तितक्याच मायेने. आणि सकाळी तो बॅग उचलून चालता झाला... दोघांपैकी एकानेच म्हटलं असतं तर? छे, माणूस म्हणजे काय रेणू? हे असते तर म्हणाले असते, म्हातारीला जिकडेतिकडे लाटाच दिसतात. पण मग गप्प राहावं? आईसुद्धा ये म्हणाली नाही, असं वाटलं त्याला तर...

फोन वाजला. लेकीने तो तिच्या हातात दिला आणि मुद्दाम पाठ केली.

"आई? आता तूही तेच सांगणार ना?" तो हसला. त्या हसण्यात वैताग होता की आशा, तिला कळेना. 'ये' ओठांपर्यंत आला होता. तिने तो तिथेच धरला. त्याचा श्वास ऐकू येत होता — आत, बाहेर — आणि ती आपला श्वास त्याच्याशी जुळतो का बघत राहिली. मोकळ्या हाताची बोटं हवेत, स्क्रू धरल्यासारखी, कुठल्या बाजूला फिरवायचं ते न कळून, हळूहळू वळत होती...