दोन जोहे

कॉम्प्युटरचं बटण गोल, करडं, मधोमध जरा खोलगट... अनिताचं बोट त्यावर टेकलेलं, पण दाबत नव्हतं. पावणेनऊ. रोह्याच्या कंपनीचं ऑफिस रिकामं, आणि समोरच्या टेबलावर गुणाजीकाकांचा कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हराखाली. नऊला ते येतील, कव्हराची नीट घडी घालतील, आणि मग तेच सगळं.

कंपनीत माणसाला गावावरूनच हाक मारतात, म्हणून मुंबईहून आलेल्या माणसानं कॉम्प्युटरांनाही तीच नावं दिली होती — डोलवी, अष्टमी, आणि काकांचा जोहे. आठवड्यानं अनिताचा आला तेव्हा काका रजेवर, त्यांचा बंद. तीही जोह्याचीच, म्हणून हाही जोहे. एका नावाचे दोन नेटवर्कला चालत नाहीत; आता जो आधी चालू होईल तो आत, दुसरा बाहेर. काकांच्या स्क्रीनवर इंग्रजीत तसं वाक्यही आलं होतं. "काय म्हनतंय गो?" त्यांनी विचारलं होतं. तिनं वाचलं आणि एंटर दाबलं. "काही नाही काका, पुन्हा करून बघा." — मीच दाबलं, दुसऱ्या कुणी नाही.

तेव्हापासून तीन आठवडे, काकांच्या आधी बटण दाबायला, ती पेणहून पहिली गाडी पकडत होती. आज आल्याबरोबर साहेब दोघांकडून नेटवर्कवरची मालाची यादी काढून घेणार. काकांची निघाली नाही तर ते पुन्हा गोदामात, पिंपं उचलायला, त्या पट्टा बांधलेल्या कंबरेनं. तिची निघाली नाही तर ती घरी. लाज वाटत होती, आणि खुर्चीही सोडवत नव्हती.

"आलीस व्हय?" काका दारात. कव्हर काढत म्हणाले, "आज मला नाय जमला तर मीच साहेबाला सांगतो, हिला ठेवा. आपले गावची पोर हाय."

तिचं बोट आपोआप मागे आलं. काकांनी बटण दाबलं. यादी उघडली. ते हसले नाहीत. चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

तिला वाटलं होतं, हलकं वाटेल... पण आला तो राग, त्यांच्या त्या आनंदाचा. जिन्यावर साहेबांचे बूट वाजले. तिनं घाईनं आपलं बटण दाबलं, आणि तेच वाक्य आता तिच्यासमोर आलं. मोठ्यानं वाचलं तर दोघांचंही काम राहील — मुंबईला एक फोन, एक नाव बदललं की झालं — पण मग साहेब विचारतील, तुला कधीपासून ठाऊक? आणि काका ऐकत असतील.

"काय म्हनतंय गो?" काका तिच्या खुर्चीमागे येऊन वाकले होते.

बोट एंटरवर होतं. काका रागावणार नाहीत, हे तिला एकदम कळलं, आणि आता भीती त्याचीच वाटू लागली.