रोझ मिल्कचा रकाना

बुधवारी संध्याकाळी सुनंदाबाई तांबरमहून लेकीच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर पोचल्या, तेव्हा नात ऊर्मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसली होती. भोवती दोनशे बारा फॉर्म पसरलेले. लेक आणि जावई सिरुसेरीच्या ऑफिसातून परतायचे होते. घरात ऊर्मीची दुसरी आजी, म्हणजे सुनंदाबाईंच्या विहीणबाई कामाक्षी, तेवढ्या होत्या. त्यांना ऊर्मी तमिळ रीतीने 'पाटी' म्हणायची.

"आजी, सगळं संपलं."

"काय संपलं? जेवण?"

"थट्टा नको ना! शनिवारी पालकसभा आहे. शाळेच्या कॅन्टीनमध्ये शीतपेयं विकणं बंद करा, असं मी मांडणार होते. आणि हे बघ काय निघालं."

नववीतल्या ऊर्मीने महिनाभर खपून मुलांची वजनं घेतली होती. शीतपेयं पिणाऱ्यांचं सरासरी वजन न पिणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हतंच, उलट जरासं कमी.

"विज्ञानाच्या जयतीर्थ सरांनी बजावलंय, पुरावा आण, मग बोल. एकदा विषय पडला की वर्षभर सभेत पुन्हा घेत नाहीत. मी आमचे आकडे दाखवतच नाही. परदेशातले अभ्यास छापून आणलेत, तेवढे दाखवते."

"खबरदार!" सुनंदाबाईंचा आवाज असा चढला की कामाक्षीबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "नको असलेला आकडा लपवायचा नसतो. त्याच्या मागे लागायचं असतं. दे तो फॉर्म."

एकतीस वर्षं त्यांनी सरकारच्या आहार सर्वेक्षणात काढली होती. खांद्यावर वजनकाटा, पिशवीत मापाच्या वाट्या आणि तंजावर जिल्ह्यातली गावंच्या गावं पालथी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण फॉर्म हातात येताच त्या खुर्चीच्या टोकावर सरसावून बसल्या. फॉर्मवर प्रश्न एकच होता: शीतपेय पितोस का? हो किंवा नाही.

"तू स्वतः काय लिहिलंस?"

"नाही. मी कधीच पीत नाही."

"अय्यो!" कामाक्षीबाई तमिळ हेलात म्हणाल्या. त्यांची मराठी जुनी, तंजावरची. "मग रोज शाळेतून आल्यावर मोठा टंबलर भरून रोझ मिल्क कोण पितं? तुझा आजोबा? तो तर फोटोत आहे."

"पाटी, ते दूध आहे!"

"दूध कशाला, नुसता पाकच. मीच घालते की. तीन चमचे साखर, वर सिरप."

सुनंदाबाई ताडकन उठल्या. "विहीणबाई, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"आता साखर नको म्हणून भांडताय आणि माझ्या तोंडात घालताय होय?"

सुनंदाबाई हसल्या आणि एकदम एकोणसत्तर सालात गेल्या. पुण्याहून नव्यानेच नोकरीवर आलेली बावीस वर्षांची पोर. कुंभकोणमजवळच्या गावांत तिने घरोघरी विचारलं, दिवसातून किती चहा, चहात किती साखर? बायका म्हणायच्या, चहा नाही हो. तीन आठवडे ती साखरेच्या रकान्यात शून्य लिहीत राहिली. शेवटी एका म्हातारीने तिच्या हातात कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट पितळी वाटी, ठेवला. पहिल्या घोटालाच पोरीचा चेहरा उतरला. ज्या घरांत दिवसातून तीनदा अशी गोड कॉफी होत होती, तिथे तिने चहाची चौकशी केली होती! सगळी गावं पुन्हा फिरावी लागली.

"तेव्हापासून मी कुणाला 'हे पिता का' असं विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, तेच विचारायचं. आणि टंबलर समोर ठेवून विचारायचं, इथपर्यंत का इथपर्यंत?"

गुरुवार-शुक्रवार मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात टंबलर, डबरा आणि चमचा मांडून आजी-नात बसल्या. तीस 'हो'वाले आणि तीस 'नाही'वाले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. मुलांना गंमत वाटली. कुणी कॉफी सांगितली, कुणी गुलाबाचा पन्नीर सोडा, कुणी नन्नारी सरबत. श्रीदेवी नावाची एक गुबगुबीत मुलगी म्हणाली, "मी मागच्या महिन्यात शीतपेय सोडलं, जाड झाले म्हणून."

ऊर्मीची पेन्सिल थांबली. "आजी! म्हणजे ही 'नाही'मध्ये आहे, कारण तिचं वजन आधीच वाढलं होतं!"

"आता कसं!" सुनंदाबाईंना तिला कडेवर घ्यावंसं वाटलं, पण नात त्यांच्यापेक्षा उंच होती.

शुक्रवारी बेरीज झाली. 'हो'वाल्यांच्या पोटात पेयांतून दिवसाला सात चमचे साखर जात होती आणि 'नाही'वाल्यांच्या सहा.

शनिवारी सभेत आजीला शेजारी बसवून ऊर्मीने सगळं मांडलं. नको असलेला पहिला आकडासुद्धा. परदेशातल्या एका अभ्यासात मुलांचा जवळपास दोन वर्षं माग काढला होता. ज्यांचं गोड पेय वाढलं, त्यांचं वजनही वाढलं होतं. दुसऱ्यात शाळांमधून पेयं कमी करायला शिकवलं, तर वर्षाने फरक दिसला, पण लहानसा. तिसऱ्यात काहीच निघालं नव्हतं, मात्र त्याला पैसा पेयं बनवणाऱ्यांनी पुरवला होता.

जयतीर्थ सर उभे राहिले. "आजी, तुमच्या आकड्यांनी पेयं वाईट असं सिद्ध होत नाही."

"नाही होत."

सभेत हशा पिकला. ऊर्मीचा चेहरा पडला.

"चांगली आहेत असंही होत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "सारख्याच गोडाची सारख्या गोडाशी तुलना झाली. बाहेरचा पुरावा बंदीकडे झुकतो, पण आपली मुलं काय करतील ते त्यात नाही. कॅन्टीनमध्ये बंद झालं तर घरी दुप्पट पितील का? ते इथेच पाहता येईल. अ आणि ब तुकड्या जुन्या इमारतीत, क आणि ड रस्त्यापलीकडे नव्या इमारतीत. कॅन्टीनं दोन. एकात बंद करा, एकात चालू ठेवा. वर्षभराने दोन्हीकडे काटा लावू आणि टंबलर घेऊन पुन्हा विचारू."

सरांनी खिशातून नाणं काढलं. "कुठे बंद करायचं ते मात्र नाण्याने ठरेल. तुमच्या मनाने नाही, माझ्याही नाही."

"मी तेच म्हणणार होते!"

मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर करायला सांगितले. दोन पालक सोडून सगळे हात वर गेले. छाप पडली तर जुन्या इमारतीत बंद, असं ठरलं. नाणं टेबलावर गरगर फिरलं आणि छाप पडली.

"पण मी क मध्ये आहे!" ऊर्मी ओरडली. "मी एवढं केलं आणि बंद त्यांच्याकडे? सर, तीनदा उडवा ना!"

"एकदाच," सर म्हणाले.

"एकदाच," आजी म्हणाल्या.

ऊर्मी दोघांकडे रागाने बघत राहिली. मग वही उघडून म्हणाली, "वजनं सोमवारपासून घ्यायची ना? बूट काढून की घालून?"

"काढून," सुनंदाबाई म्हणाल्या.

"चारशे मुलांचे बूट? तास बुडतील!" सर म्हणाले. "घालून घ्या, सरासरी वजा करू."

"बुटांची सरासरी? सर, विज्ञान शिकवता ना?"

शिपाई हॉलच्या खिडक्या लावत होता, तरी दोघांचा वाद चाललाच होता आणि ऊर्मी दोन्ही बाजू वहीत उतरवून घेत होती.