बेर्बेलच्या शेपटीचा कुंचला

मी एक जुना कुंचला आहे. मित्रांनो, जन्माआधी मी शेपूट होतो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. प्रत्येक जण आधी कुणाचं तरी काहीतरी असतोच.

ज्या तांबड्या खारीची मी शेपूट होतो, तिचं नाव बेर्बेल. ऑग्सबुर्ग शहरातल्या ओटिलीबाई नावाच्या विधवेने तिला पाळलं होतं. गळ्यात पितळी साखळी, खायला बदाम आणि चावायला पाहुणे. ती म्हातारी होत चालली, तेव्हा तिचं जलरंगातलं एक चित्र असावं म्हणून बाईंनी तिला आठवडाभर चितारी वेंडेलच्या घरी सोडलं. "दिली तशीच परत द्या," एवढं बजावून.

वेंडेलचं घर म्हणजे खाटकाचं दुकान, फक्त तिथे मांस मिळत नसे. त्याने काढलेला प्राणी जिवंत वाटतो अशी त्याची ख्याती. त्याला मात्र तो मेलेला लागे, कारण मेलेला हलत नाही. तुळईला ससे टांगलेले, भिंतीवर बगळ्याचा पंख खिळ्याने ठोकलेला. कागदाला मेंढीच्या खुरांची खळ, काळा रंग जाळलेल्या हाडांचा, आणि तो नीट पसरावा म्हणून त्यात थेंबभर बैलाचं पित्त. बेर्बेल ही त्याच्यापुढे बसलेली पहिली जिवंत असामी. तिने पहिल्याच दिवशी त्याचा कान चावून फाडला.

पाच दिवसांत डोळे झाले, मिशा झाल्या, पंजे झाले. शेपूट उरली. तिचा केस न् केस वेगळा दिसायचा, तर कुंचल्याला सुईसारखं टोक हवं. तसा एकच कुंचला घरात होता आणि तो वेंडेलने न धुता, पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा, तीन दिवस विसरला होता. काढला तेव्हा त्याचा आकडा झालेला. नवा करायचा तर खारीच्या शेपटीचे केस लागतात. बाहेर गुडघाभर बर्फ. फासे लावायला रानात कोण जाणार? वेंडेलने समोर पाहिलं.

बायको कुनिगुंडेने ती नजर ओळखली. "अहो, शेपटीचं चित्र काढायला शेपूट कापणार?"

"चिमूटभर केस घेतो."

"मग मिशा काढताना स्वतःची मिशी का नाही भादरलीत?"

"तू साखळी धर."

तिने धरली. टोमणे मारणारी माणसंही साखळी धरतात.

बेर्बेलने आधी त्याच्या अंगठ्यात आरपार दात रोवले. मग ती त्याच्या दाढीवरून फडताळावर गेली आणि ताटल्या खाली आल्या. कुनिगुंडेने साखळी ओढली, वेंडेलने मान दाबली, कात्री चालली. तेवढ्यात बेर्बेल उसळली, आणि चिमटीऐवजी मी मुळापासून त्याच्या हातात आलो. रक्ताचे शिंतोडे सगळीकडे उडाले. वेंडेलने आधी कागद पुसला.

मग मला धुतलं. केसांची टोकं जुळवून मेणाच्या दोऱ्याने बांधली आणि कावळ्याच्या भिजवलेल्या पिसाच्या नळीतून ओवून काढली. पीस वाळून आवळलं आणि मी कुंचला झालो. माझं पहिलं काम स्वतःलाच रंगवणं. खोटी नम्रता कशाला, मी फार सुंदर आलो.

ओटिलीबाईंनी चित्र पाहिलं, मग खार पाहिली. "चित्रात जास्त आहे."

"चित्र बरोबर आहे, बाई," वेंडेल म्हणाला. "खार थोडी कमी आहे."

बाईंनी कात्री उचलली आणि त्याची दाढी हनुवटीच्या कातड्यासकट कापली. पुढे त्याने त्या दाढीचाही कुंचला करून पाहिला. रंग धरेना.

परत नेल्यावर चौथ्या दिवशी बेर्बेलने बाईंच्या घरी, सवयीप्रमाणे, कपाटावरून खिडकीकडे उडी घेतली. उडीत खारीचा तोल शेपूट सांभाळते. ती मधेच कलंडली आणि शेगडीपुढच्या दगडावर डोक्यावर आपटली. कुनिगुंडेने बाजारातून ही बातमी आणली, आणि संध्याकाळपर्यंत ती घासलेलीच भांडी घासत राहिली.

पुढे मी अकरा वर्षं राबलो. रानडुकरं, हरणं, घुबडं, सगळी मेलेली, सगळी हुबेहूब. बेर्बेलच्या चित्रापुढे लोक आजही म्हणतात, "आता उडी मारेल बघा." मी खणात पडून आहे, कसर मला हळूहळू खाते आहे. तक्रार नाही.

मित्रांनो, काम झालं की कुंचला धुवा, टोक जुळवा आणि आडवा ठेवा. वेंडेलने तेवढं केलं असतं, तर बेर्बेल खिडकीपर्यंत पोचली असती.