सही बाकी

मी एक बाटली बोलतेय. तोंडाला घट्ट बूच आहे, बुचावर चिकटपट्टी आहे, पट्टीवर लाखेचा ठिपका आहे, आणि तरीही बोलतेय. महिनाभर गप्प बसून पाहिलं, आता जमत नाही.

माझा मुक्काम जयपूरमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्रीजच्या तिसऱ्या फळीवर आहे. दार उघडलं की आतला दिवा लागतो, मिटलं की विझतो. बाहेरच्यांना वाटतं, आत सदा उजेडच असतो. एक आठवडा इथे राहून बघा म्हणजे कळेल. काळोख, गारठा आणि मोटरची घरघर, एवढाच आमचा संसार.

जन्मले मी सीकर रोडवरच्या एका कारखान्यात. आम्ही हजारो बहिणी एकाच साच्यातून निघालो. कुणी तेलाला गेली, कुणी फिनाइलला. मला प्रयोगशाळेत दिलं तेव्हा वाटलं, चला, बरं स्थळ मिळालं. इथे आल्यावर मला तीन तीनदा विसळलं, उलटी टांगून वाळवलं. घरातल्या चहाच्या कपाचेही इतके लाड कुणी करत नाही. ते लाड कशासाठी होते, ते नंतर कळलं. माझं स्वतःचं असं काही माझ्यात उरू नये, म्हणून.

विसळणाऱ्या होत्या माधवी मॅडम. मूळच्या सांगलीच्या, पण जयपुरात त्यांना बारा वर्षं झाली. कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून गल्लोगल्ली बोरिंगचं पाणी गोळा करतात. त्यांचं संशोधन नायट्रेटवर. शोषखड्ड्यांतली घाण मुरत मुरत जमिनीखालच्या पाण्याला मिळाली की हा क्षार त्यात उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठी माणसं तो बहुधा पचवतात. पण तान्ह्या बाळाच्या पोटात तो गेला की रक्त प्राणवायू वाहून न्यायचं सोडतं आणि बाळ निळं पडतं.

मॅडमना एक सवय आहे. बाटल्यांवरच्या खुणा त्या मराठीत लिहितात. कॉलेजात इंग्रजी, बाजारात हिंदी, मग मराठीला गंज चढू नये म्हणून एवढा कोपरा त्यांनी राखून ठेवलेला. मला त्याचं कौतुक होतं. पुढे त्याच सवयीनं घात केला.

एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही मुरलीपुऱ्यातल्या एका गल्लीत गेलो. तिथे नळाला पाणी दोन दिवसांआड, तेही करंगळीएवढी धार. सारी गल्ली पाणी पिते ते कोपऱ्यावरच्या सेठजींच्या बोरिंगचं. बोरिंगला लागूनच दोन घरांचे शोषखड्डे. मॅडमनी आम्हा दोघींना तिथे भरलं. माझ्या बहिणीवर लिहिलं सतरा-अ आणि माझ्यावर सतरा-ब. पाणी टिकावं म्हणून पोटात तेजाबाचे चार थेंब टाकले. अ तपासायची, आणि कुणी उद्या शंका काढली तर दाखवायला ब ठेवून द्यायची, अशी रीत आहे. म्हणजे माझं अवघं आयुष्य दुसऱ्याच्या संशयावर अवलंबून. कुणी भांडलं तर मी उघडणार, नाहीतर आपलं ब म्हणजे बसून राहा.

मॅडम फोनवर मराठीत बोलत होत्या, ते ऐकून समोरच्या घरातून एक बाई धावतच आल्या. त्या कलावतीबाई. अकोल्याकडच्या. यजमान रेल्वेत नोकरीला होते, निवृत्त झाले. मुलगा पंडित तोही रेल्वेत, म्हणून कुटुंब इथेच राहिलं. परमुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटल्यावर बाई मॅडमना सोडतात कुठल्या? खुर्ची आली, चहा आला, आणि पाच आठवड्यांची नात मांडीवर आली. तिचं नाव उत्कर्षा. सूनबाई गौतमीला बाळंतपणात फार त्रास झाला होता. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला पावडरीचं दूध चालू होतं.

कलावतीबाईंनी मग आपली कर्तबगारी सांगितली. काही वर्षांपूर्वी गल्लीत काविळीची साथ आली होती. तेव्हा त्या दारोदार फिरल्या आणि पाणी उकळून प्यायला एकेका घराला शिकवलं. कुणी हसलं, कुणी गॅस जळतो म्हणालं, पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. साथ हटली. तेव्हापासून गल्लीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मॅडमही कौतुकानं ऐकत राहिल्या.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या की बाळाच्या दुधाला तूर्त दुकानातल्या जारचं पाणी वापरा, चार-पाच दिवसांत रिपोर्ट कळवते. कलावतीबाईंनी लगेच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी माझी बहीण तपासली गेली. थोडी यंत्रात, उरलेली मोरीत. आकडा आला लिटरमागे एकशे साठ मिलिग्रॅम. पंचेचाळीसच्या वर असू नये, असा नियम आहे. मॅडमनी लगेच रिपोर्ट केला. पण विभागप्रमुख श्यामकांत सर परगावी गेले होते, आणि त्यांच्या सहीशिवाय आकडा बाहेर सांगायचा नाही, असा इथला दंडक. मागे एकदा कुणीतरी फोनवर आकडा सांगितला होता आणि त्यावरून बरीच शोभा झाली होती.

त्याच दुपारी सांगलीहून फोन आला. मॅडमची आई जिन्यावरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. मॅडमनी भराभरा आवरलं. मला उचललं, माझ्या पोटावर एक कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर निळ्या पेनानं दोन शब्द लिहिले आणि मला फ्रीजमध्ये ठेवून त्या गेल्या. शब्द होते, 'सही बाकी'. म्हणजे सरांची सही घ्यायची राहिली आहे. मराठीत याला दुसरा अर्थ नाही.

पाचव्या दिवशी पंडित आला. कामावरून परस्पर आला होता, घाईत होता. प्रयोगशाळेत मीनाक्षी होती. ती इथली सहायिका, जयपूरचीच, कामाला चोख. रिपोर्ट मॅडम आल्यावरच मिळेल, असं तिनं नीट सांगितलं. पंडित अजिजीनं म्हणाला, घरात लहान बाळ आहे, एवढं तरी सांगा की पाणी बरं आहे की वाईट. मीनाक्षीला दया आली. तिनं फ्रीज उघडून मला बाहेर काढलं, पट्टी पाहिली आणि मला त्याच्यापुढे धरलं. "मैडम ने मराठी में कुछ लिखा है. मुझे नहीं आती, आप ही पढ़ लीजिए."

तिनं काही चुकीचं केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मराठी वाचायला तिनं मराठी माणसापुढेच मला धरलं. पण पंडित जन्मला जयपुरात, शिकला हिंदी शाळेत. घरात आईशी मोडकंतोडकं मराठी बोलतो, पण अक्षर डोळ्यांपुढे आलं की ते हिंदी होऊनच त्याच्या मनात शिरतं. आणि हिंदीत सही म्हणजे बरोबर, ठीक.

त्यानं वाचलं. "सही... बाकी." मग त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "सही है, मैडम. बाकी वो आके बताएँगी."

मीनाक्षीनंही सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला परत आत ठेवलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. ज्याला तो सही म्हणत होता ते विष माझ्याच पोटात होतं. ओरडायचं होतं, फुटायचं होतं, निदान कलंडून खाली पडायचं होतं. पण आमचं प्लास्टिक फुटतही नाही. दार मिटलं, दिवा विझला, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मला त्या काळोखात कळलं.

पुढचे दिवस मी कसे काढले, विचारू नका. दार उघडलं की आशा वाटायची, आता कुणीतरी पट्टी नीट वाचेल. पण कुणी आपलं द्रावण ठेवून जायचं, कुणी उन्हाचं म्हणून पाण्याची थंड बाटली काढायचं. मी मोजत बसायचे, आता बाळाच्या दुधाची वेळ झाली असेल. आता पुन्हा झाली असेल.

मुरलीपुऱ्यात काय घडलं, ते मला मागाहून बोलण्यातून कळलं. पाणी सही आहे म्हटल्यावर घरात जार यायचा बंद झाला. कलावतीबाई तरी बेसावध नव्हत्या. नातीसाठी म्हणून त्या बोरिंगचं पाणी एकदा सोडून दोनदा उकळायच्या. मला भरल्यापासून अकराव्या दिवशी गौतमीला बाळाची नखं जांभळी दिसली. दुपारपर्यंत ओठ काळसर निळे झाले आणि बाळ रडायचंही थांबलं. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, तपकिरी होतं. डॉक्टर जाणती होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, दुधाला पाणी कुठलं?

बाळ वाचलं. शिरेतून औषध दिलं, ओठ पुन्हा गुलाबी झाले, चौथ्या दिवशी घरी सोडलं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं असतं, पण माझ्यातलं पाणी बाहेर येण्याजोगं नव्हतं.

बाळाचं कळल्यावर माधवी मॅडम सांगलीहून परत आल्या त्या थेट फ्रीजपाशी. मला काढलं, पट्टी वाचली, मीनाक्षीकडून सगळं ऐकलं आणि त्या रिपोर्ट घेऊन तडक सरांकडे गेल्या. सरांनी त्याच दिवशी सही केली, रिपोर्ट सरकारी कचेरीत गेला. दोन दिवसांनी कलावतीबाई आणि पंडित आले. मी टेबलावरच होते.

पंडितनं मान वर केली नाही. मराठी असून मलाच मराठी वाचता आली नाही, असं तो म्हणाला. मॅडमनी त्याला थांबवलं. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, गाडीत बसल्यावर एक फोन केला असता तर झालं होतं, मी नियम पाळत बसले. दोघं आपापला दोष ओढून घेत होते. कलावतीबाईंचं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी त दोन दोन डाव उकयत होती, बाई," त्या म्हणाल्या. "मंग कसं झालं?"

मॅडमनी मला हातात घेतलं. मला वाटलं, खोटं सांगा. काहीतरी सांगा, पावडर वाईट होती म्हणा, पण हे सांगू नका.

मॅडमनी सांगितलं. "कलावतीबाई, उकळल्यानं जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि हे तेवढंच मागे राहतं. आमटी आटली की खारट होते ना, तसं."

 कलावतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच."

"तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या.

"गल्लीत सात लेकरं वरच्या दुधावर हायेत. त्याईच्या माया अजूनही उकयून देतात. त्याईले कोनं शिकवलं?"

 कलावतीबाईंनी मला मागितलं, गल्लीत दाखवायला. पण मला देता येत नव्हतं, कारण बोरिंग बंद होईल या भीतीनं तोवर सेठजींची तक्रार आली होती. तपासणी खोटी आहे, दुसरी बाटली आमच्यासमोर उघडा. मला हर्ष झाला. शेवटी कुणाला तरी संशय आला होता. माझ्या बुचावर लाख ओतली, तारीख ठरली. त्या दिवशी सेठजी गावाला गेले. दुसरी तारीख ठरली, तेव्हा त्यांच्या घरी लग्न निघालं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की माझ्या पोटातलं पाणी अठ्ठावीस दिवसच पुरावा म्हणून चालतं. त्यानंतर ते काहीही म्हणो, कुणी मानत नाही.

काल अठ्ठाविसावा दिवस होता. मीनाक्षी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होती. कुणी आलं नाही. आता मला उघडलं तरी उपयोग नाही, आणि तक्रार मिटेपर्यंत फेकताही येत नाही. खरं पोटात धरून, तोंडाला लाख लावून मला इथेच पडून राहायचं आहे, किती दिवस ते माहीत नाही.

पण आज सकाळी मीनाक्षीनं मॅडमना एक हकिकत सांगितली. ती मुरलीपुऱ्यावरूनच येते. कलावतीबाई आठवडाभर रोज पहाटेपासून बोरिंगच्या तोंडाशी बसतात म्हणे, नात मांडीवर घेऊन. सेठजींच्या माणसांनी उठवलं तरी परत येऊन बसतात. जी बाई हंडा घेऊन येते तिला सांगतात, "उबालना मैंने सिखाया था. बच्चों के लिए गलत सिखाया." पहिले काही दिवस बायांनी ऐकून सोडून दिलं. काल एकीनं वैतागून विचारलं, कभी कहती हो उबालो, कभी कहती हो मत उबालो, तो अब किसकी मानें, अम्माजी?

कलावतीबाई म्हणाल्या, "किसी की मत मानो. मेरी भी नहीं. पानी ले जाओ और जँचवाओ."

मीनाक्षी हे सांगते आहे तोच व्हरांड्यात गलका झाला. मुरलीपुऱ्याच्या बायका आल्या होत्या. कुणाच्या हातात सरबताची बाटली, कुणाकडे तुपाची बरणी, एकीपाशी पोराची शाळेची वॉटरबॅग. कुणाच्या कडेवर मूल. मॅडमनी हसून आधी त्यांच्या बरण्या बाजूला ठेवल्या, मग शेल्फावरच्या नव्या बाटल्या एकेकीला दिल्या आणि कसं भरायचं ते दाखवलं. दुपारपर्यंत आपापल्या घरचं पाणी घेऊन त्या परत आल्या.

आता फ्रीजचं दार धडाधड उघडतंय. एकेक नवी बाटली आत येते आहे, अजून थंड व्हायची आहे, घाबरलेली आहे. मला ढकलत ढकलत पार मागच्या भिंतीला नेलंय. इथून दिवासुद्धा दिसत नाही. माझं पाणी आता कुणी विचारणार नाही, ते मला कळलंय. तुमच्या घरी तान्हं असेल आणि पाणी बोरिंगचं असेल, तर मात्र तुम्ही विचारा. दिसायला ते माझ्याइतकंच निवळ असेल.

अजून बाहेर चार-पाच जणी उभ्या आहेत. मी अंग चोरून घेते. सरका गं पोरींनो, थोडं थोडं सरका, अजून जागा होईल.