शेजारच्या सीटवरची झोप

थोरल्याला धाकट्या भावाच्या गाडीचा हेवा वाटतो, असे त्याची बायको चारचौघांत म्हणे, आणि ते अर्धेच खरे होते. गाडी तर थोरल्याचीच नवी होती. समोर ताटाएवढा काचेचा पडदा, जवळ जाताच आपण होऊन उघडणारी कुलपे, मागे घेताना स्वतःच डोळे लावणारा कॅमेरा. धाकट्याची गाडी म्हणजे वडिलांनी वापरून वापरून मऊ केलेली जुनी पेटी. बॉनेटवरचा रंग उडालेला, मागची काच हाताने फिरवून खाली घ्यायची. त्या गाडीत हेवा करण्याजोगे एकच होते. तिच्यात वडिलांना झोप लागे.

ज्याने उभा जन्म बस चालवली आहे, त्याला दुसऱ्याच्या हाती चाक देऊन डोळे मिटणे किती अवघड, हे घरात सर्वांना ठाऊक होते. वडील टॅक्सीत बसत ते ताठ, पुढे पाहत. वळण आले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबी. गुडघे थकल्यावर दर आठवड्याला त्यांना व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावे लागू लागले, तेव्हा मुलांनी पाळ्या लावून घेतल्या: एक आठवडा थोरला, एक आठवडा धाकटा. थोरल्याच्या पाळीला तो पाय अखंड चाले. जाताना, येताना, सिग्नलला, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा.

मग एकदा थोरल्याची गाडी दुरुस्तीला पडली असताना तो धाकट्याच्या गाडीत मागे बसला, आणि त्याने ते पाहिले. पहिले वळण येण्याआधीच वडिलांची मान कलली होती. तोंड किंचित उघडे. उजवा पाय, तो कधी न विसावणारा पाय, रबरी पायपुसण्यावर मांजरासारखा आडवा पडला होता. धाकटा एका हाताने गाडी चालवत, पुढच्या शर्यतीत कोणत्या मुलीला उतरवायचे ते मागे वळून न पाहता मोठ्याने सांगत होता. तो तलावावर पोहायला शिकवी आणि त्याच्या आवाजाला पाण्यावरून बोलण्याची सवय होती. त्या आवाजातही वडील झोपले होते.

थोरल्याच्या छातीत काहीतरी अलगद खाली गेले, विहिरीत दोर सुटल्यासारखे.

"बाबा झोपलेत," तो म्हणाला.

"असं? असतील," धाकटा म्हणाला. "मी कुठं बघतोय, मी गाडी चालवतोय."

त्या जुन्या गाडीची किल्ली वडिलांनी आधी थोरल्यापुढेच धरली होती, हे त्या दिवसापासून त्याला डाचू लागले. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "बाबा, हे भंगार आता काढून टाका." वडिलांनी काही न बोलता तीच किल्ली धाकट्याच्या तळहातावर ठेवली. आणि थोरल्याने, जणू त्या शांततेला उत्तर म्हणून, नवी गाडी घेतली.

तिने त्याला सुख दिले नाही. पहिल्या पावलापासूनच ती अडखळत चाले. गिअर ती आपोआप बदले, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा हिसका देई, की वडिलांची टोपी पुढे सरके. मधूनच समोरच्या पडद्यावर एक नारिंगी दिवा उगवे, त्याखाली ओळ येई: कृपया तपासणी करून घ्या. काय तपासायचे, ते गाडी सांगत नसे. रुसलेल्या माणसाने 'काही नाही' म्हणावे, तसे.

थोरला वजनमापांचा निरीक्षक होता. दुकानादुकानांत जाऊन तराजूंतला पासंग हुडकणे, मापाच्या तळाशी चिकटवलेले मेण नखाने खरवडून काढणे, हा त्याचा धर्म. अशा माणसाने न कळणाऱ्या दिव्याखाली गाडी चालवावी, हे घडणे शक्य नव्हते. दिवा लागला, की तो गाडी सर्व्हिस सेंटरला नेई. तिथला सल्लागार तरुण, हसतमुख आणि बारा महिने टाय लावलेला. थोरल्याच्या घरी त्याचे नावच टायवाला पडले होते.

"साहेब, या या. काय म्हणतेय गाडी?"

"तेच म्हणतेय. हिसका देतेय."

"लॅपटॉप लावून बघतो साहेब." तासाभराने तो परत येई. "झालं. गाडी एकदम नव्यासारखी."

"नव्यासारखी म्हणजे काय? ती नवीच आहे!"

"तेच म्हणतोय साहेब, परत नवी केली."

वॉरंटीच्या करारात एक कलम होते. एकच तक्रार वॉरंटीच्या मुदतीत पुनःपुन्हा नोंदली गेली, तर कंपनी आख्खा गिअरबॉक्स बदलून देईल. थोरल्याने ते कलम मंत्रासारखे धरले. मुदत सरत आली, तसा तो अधिकच निष्ठेने जाऊ लागला. हिसका लहान असला तरी नोंदवी, न लागलेल्या दिव्याची शंकासुद्धा नोंदवी. बायको म्हणे, "माहेरवाशीणसुद्धा इतक्यांदा माहेरी जात नाही, जितक्यांदा तुमची गाडी जाते."

पण दर खेपेला कागदावर 'तक्रार मिटली' असा शेरा पडे, आणि गिअरबॉक्स काही बदलला गेला नाही. तेव्हा त्याने गाडी विकायचे ठरवले. जुन्या गाड्यांचा दलाल गाडीभोवती फिरला, दार लावताना येणारा आवाज कान देऊन ऐकला, टायरांवरून हात फिरवला आणि समाधानाने मान डोलावली. मग त्याने फोनवर गाडीचा नंबर घातला आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, पोरगी देखणी आहे, पण पत्रिका वाईट. किती वेळा दवाखान्यात गेलीय ही! एकदा संगणकात चढलं की ते जन्माला पुरतं. घेणारा पहिलं हेच बघतो." त्याने सांगितलेला भाव ऐकून थोरला गाडीत बसून निघाला. आपला पासंग आपणच आपल्या पारड्याखाली चिकटवला, हे त्याला परतीच्या वाटेवर कळत गेले, हिसक्याहिसक्याने.

त्याच संध्याकाळी धाकट्याच्या घरी जेवण होते. खिडकीतून खाली उभी असलेली जुनी गाडी दिसत होती. दिव्याच्या उजेडात तिचा उडालेला रंग म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा दिसे. थोरल्याने तिच्यावरून नजर काढली नाही.

"तुझ्या मुली मोठ्या झाल्या," तो एकदम म्हणाला. "त्या पेटीत त्यांचे गुडघे हनुवटीला लागत असतील. माझी घे. मला काय, मी एकटा ऑफिसला जाणार. मला तुझी चालेल."

धाकट्याने घास हातातच ठेवला. "दादा, ताप आलाय का तुला?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं," थोरल्याची बायको म्हणाली. "यांना ती जुनीच हवीय. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून भाऊ आठवलाय."

सगळे हसले. थोरलाही हसला, पण त्याचे कान तापले होते.

"कागदांचं नंतर बघू," धाकटा म्हणाला. "महिनाभर चालवून बघू. पण माझीचा दुसरा गिअर थोडा हट्टी आहे हां, त्याला गोंजारावं लागतं."

"आणि माझीचा दिवा लागला की त्याच दिवशी सेंटरला न्यायची. त्याच दिवशी!"

"हो रे दादा, हो."

किल्ल्या टेबलावरून सरकल्या. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सारे पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे माझी गाडी आता कुणाकडे?"

"माझ्याकडे, बाबा," थोरला म्हणाला, आणि हे शब्द तोंडात किती गोड लागतात, याचे त्यालाच नवल वाटले.

पुढच्या आठवड्यात त्याने जुन्या गाडीचे दार वडिलांसाठी उघडून धरले. सीटच्या खोलगट जागेत वडील अचूक बसले. ती खोली त्यांच्याच देहाने घडवली होती. गाडी निघाली. इंजिनाचा तोच घरंदाज घरघराट, तोच उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास. थोरला वाट पाहू लागला. पहिले वळण गेले. त्याने शेजारी पाहिले. वडील पुढे पाहत होते. पूल गेला. त्याने पाहिले, उजवा पाय दबलेला होता. बाजाराच्या तोंडाशी दुसरा गिअर करकरला.

"हा आवाज पूर्वी यायचा का, बाबा?"

"यायचा."

"आणि हा खालचा?"

"तो रस्त्याचा आहे."

हॉस्पिटल आले, तरी वडील टक्क जागे होते.

थोरल्याने स्वतःची समजूत घातली: आज ऊन फार होते. पुढच्या पाळीला त्याने म्हटले, आज गर्दी होती. मग म्हणायला काही उरले नाही. धाकट्याची पाळी आली, तेव्हा तो कामाचे निमित्त काढून हॉस्पिटलच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. नवी गाडी आली. वळणावरून ती पाण्यावरून यावी तशी आली. ना हिसका, ना अडखळ. पुढच्या काचेमागे वडिलांची मान खांद्यावर टेकलेली होती आणि टोपी डोळ्यांवर उतरली होती.

हेव्यालाही एक शहाणपण असते. तो इतके दिवस गाडीला लटकून होता, तो त्या क्षणी आपली खरी जागा ओळखून भावावर जाऊन बसला. "ही गाडी अशी कशी चालते?" थोरल्याने विचारले.

"मस्त चालते की. पहिले काही दिवस जरा धुसफुसली."

"दिवा?"

"लागला होता. मग विझला." धाकट्याने खांदे उडवले. "सेंटरला न्यायची राहूनच गेली. रागावू नकोस."

त्याच दिवशी टायवाल्याचा फोन आला. "साहेब, बरे आहात ना? महिना होत आला, दर्शन नाही! आम्हाला काळजी वाटली." थोरल्याने सारे सांगितले. पलीकडे टायवाला खुशीत हसला. "बरोबर आहे साहेब. या गाडीचा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकत जातो. थोडे दिवस लागतात तिला. पण तुम्ही तक्रार नोंदवायचात, आणि तक्रार नोंदवली की गाडीची आठवण पुसून टाकायची, असा आमच्याकडे नियम आहे. ती तुम्हाला ओळखायला लागायची, तोवर तुम्ही हजर!"

"हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारायचात, दुरुस्त झाली का. झाली म्हणायचो."

थोरल्याने फोन ठेवला. एका यंत्राने आपल्याला ओळखायचे आठ-आठ दिवस प्रयत्न करावेत, आणि दर वेळी आपणच हात धरून त्याला विस्मरणाच्या दारात नेऊन सोडावे! आणि धाकट्याने काय केले? काहीच नाही. जगात काहीच न करणाऱ्यांच्या पदरात सगळे अलगद का पडते, हा प्रश्न त्याच्या मनात रात्रीच्या नळासारखा ठिबकत राहिला.

महिना भरला आणि त्याने गाडी परत मागितली. धाकट्याने मुकाट्याने दिली. उलट आपली जुनी परत मिळाल्याचा त्याला आनंदच झाला. "मुली म्हणत होत्या, काच फिरवायला मजा येते," तो म्हणाला, आणि त्याच्या या सहजपणाने थोरल्याला आणखी एक चटका बसला.

आता वडील शेजारी होते आणि गाडी थोरल्याच्या हाती. ती लोण्यासारखी चालत होती. मात्र त्याच्या नव्हे, धाकट्याच्या चालीने. तिसरा गिअर थोडा उशिरा, रेंगाळत. उतारावर बेफिकीर सैलपणा. भावाचा पाय तिच्या अंगात भिनला होता. परक्याच्या चपला घालून चालावे, तसे त्याला झाले. तरी चालत तर होती! हिसका नव्हता, दिवा नव्हता, आवाज नव्हता. तेच वडील, तोच रस्ता, तीच धाकट्याची चाल. त्याने शेजारी पाहिले. वडील जागे होते. पूल आला. त्याने पाहिले. पाय दबलेला होता.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याला वाटले आपण विचारणार नाही. पण विचारले गेलेच. "त्याच्याबरोबर तुम्ही झोपता. माझ्याबरोबर तुम्हाला कधीच झोप लागत नाही. गाडी बदलली तरी नाही. माझं काय चुकतं?"

समोरून एक टेंपो गेला, तो वडिलांनी नजरेने पार पोचवला.

"तू सारखा माझ्याकडे बघतोस," ते म्हणाले. "प्रत्येक वळणाला बघतोस. गाडीत एक तरी माणूस रस्त्याकडे बघणारा हवा ना? म्हणून मी बघतो."

थोरल्याने मान वळवली, आणि वळवता वळवता अर्ध्यावर थांबवली. मग ती सरळ केली.

रस्ता समोर होता. इतका रुंद, इतका उजळ तो पूर्वी कधी होता का, हे त्याला सांगता आले नसते. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत गेल्या. शेजारी वडिलांचा श्वास ऐकू येत होता. तो लांबला होता का? की म्हातारपणाचा श्वास असाच असतो? आयुष्यभर त्याने काट्याकडे पाहिल्याशिवाय वजन मान्य केले नव्हते, आणि आता काटा हाताच्या अंतरावर होता आणि पाहणे हेच पाप होते. धाकट्याला हे कधी जाणवलेही नसेल, या विचाराने त्याला पुन्हा जुनी कळ आली. जे पाहायची गरजच पडू नये, ते सुख कसले असेल!

पुढच्या चौकात सिग्नल दिसला. तो लाल व्हावा, फक्त एकदा थांबायला मिळावे, थांबल्यावर पाहायला कुणाची ना नाही, अशी त्याने मनोमन प्रार्थना केली. गाडी धाकट्याच्या रेंगाळत्या चालीने पुढे जात राहिली. शेजारून आवाज आला नाही.

सिग्नल हिरवा होता. त्यापलीकडचाही.