पावलावर पाऊल

संगमेशने ढेरपोट्या कागदी हवालदाराच्या मिशीवरची धूळ फुंकरीने उडवली आणि तो मागे सरकला. समोरच्या दोन कॉलेजच्या मुली हसत सुटल्या. पूर्वी त्याच्या कामाला असं कुणी हसलं की त्याला खुशीत सणकून भूक लागायची. आज शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं ते हसणं कानावर आलं, एवढंच.

चौघा मित्रांचं प्रदर्शन होतं. भिंतींवर त्यांतल्या सोमेशची व्यंगचित्रं: डबलसीट निघालेले उंदीर, लग्नात रुसून बसलेला घोडा. मधल्या टेबलावर संगमेशची कागदाच्या लगद्याची माणसं आणि जनावरं. त्याची बायको भुवनेश्वरी जाऊन दीड महिना झाला होता. मित्र म्हणाले, पुढे ढकलू. तो म्हणाला, कशाला? मातीच्या दिवशीही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अक्कलकोटला, सासुरवाडीत, त्यावरून काय बोललं गेलं तेही त्याला कळलं होतं.

चारच्या सुमाराला दारात सुंदरम्मा दिसल्या. त्याच्या सासूबाई. एकट्याच, एसटीने आलेल्या.

"अव्वा, तुम्ही?"

"पेपरात आलं म्हनून कळलं." त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "दोन म्हयने न्हाई झाले, आन् तुमी हसायचं दुकान मांडलं व्हय?"

"बसा की," संगमेश म्हणाला.

त्या बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेकडेने चालू लागल्या. हवालदार. पिशवी घेऊन बाजाराला निघालेला बैल. चष्मा लावून दोन पायांवर उभी शेळी. शेळीपाशी त्या वाकल्या. मग माघारी फिरून बैल पाहिला, पुन्हा हवालदार पाहिला.

"हे समदे असे का उभे?"

"कसे?"

"एका पावलावर दुसरं पाऊल ठिवून."

"माझी स्टाइलच आहे ती. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हंजी कवापासून?"

त्याने आठवून पाहिलं. लग्नाआधीच्या कामांत पाय सरळ होते.

"आमच्या अंगणात शहाबादी फरशी," सुंदरम्मा म्हणाल्या. "उन्हाळ्यात लई तापायची. पोरगी चपला घालंल तर शपथ. अशीच उभी राहायची, ह्या पायावर तो पाय. मग सावलीतबी तशीच. चुलीपुढं, देवापुढं, कुटंबी."

संगमेशने वाकून हवालदाराचे पाय पाहिले. वीस वर्षं ओट्यापाशी उभं राहून ती विचारायची, चहा टाकू का? आणि वर न बघताच आपण हो म्हणायचो, असंच त्याला वाटत आलं होतं.

सुंदरम्मांनी शेळी उचलली. पदराने तिचे पाय पुसले.

"हिला नेते मी."

"न्या."

त्याने शेळी जुन्या पेपरात गुंडाळून दिली आणि त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं. चष्मा तेवढा कागदाबाहेर राहिला होता. तो बघून रिक्षावाला हसला. सुंदरम्मांनी शेळी मांडीवर नीट घेतली.

"येळेवर जेवत जावा," त्या म्हणाल्या.

तो वर आला तेव्हा सोमेश टेबलापाशी उभा होता.

"शेळी कुठाय रे? एकजण विचारतोय."

"माहेरी गेली," संगमेश बोलून गेला, आणि टेबलाचा पाय धरून खाली बसला.